दहांपैकी एकच गुण उचलला तर



हल्ली ध्यान शिकतात ते अभ्यासात लक्ष लागावं म्हणून. त्यात गैर काही नाही, पण बौद्ध परंपरेनं ध्यान असं सुटं कधी ठेवलं नाही. थेरवाद हा बौद्ध पंथ दहा पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला न्यायचे गुण, सांगतो: दान, शील, नैष्क्रम्य (त्याग), प्रज्ञा, वीर्य (नेटाचा प्रयत्न), क्षांती (सहनशीलता), सत्य, अधिष्ठान (दृढ निश्चय), मैत्री आणि उपेक्षा, म्हणजे समचित्तता. यात ध्यानाचं नावच नाही! महायान पंथाच्या सहा पारमितांत ते आहे, पण पाचव्या जागी. दान, शील, क्षांती आणि वीर्य त्याच्या आधी. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रातही आधी पंचशील घ्यावं लागतं, मगच श्वासाकडे पाहायला बसवतात. दिवसभर खोटं बोललेलं मन डोळे मिटले की शांत होत नाही. आपण पकडले तर जाणार नाही ना, याचाच हिशोब करत बसतं.

माझं म्हणणं एवढंच, की हे दहा गुण एकमेकांना आवरून धरतात. त्यातला एकच उचलला, तर तो भरकटतो. दानाचंच पाहा. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात वेस्सन्तर राजपुत्राची कथा रंगवली आहे. त्यानं राज्याचा हत्ती दिला आणि पुढे स्वतःची मुलंही देऊन टाकली. तुम्हाला हे खटकलं, तर खटकायलाच हवं. ‘मिलिंदपञ्ह’ ग्रंथात राजा मिलिंद भिक्खू नागसेनाला हेच विचारतो. नागसेन दानाची बाजू घेतो. मला त्याचं उत्तर पुरेसं वाटत नाही. मात्र हा अडचणीचा प्रश्न परंपरेनं गाळला नाही, आणि मुलांच्या बाजूनं बोलायला त्याच यादीत प्रज्ञा आणि मैत्री आहेत.

कुणी म्हणेल, क्षांती म्हणजे अन्याय मुकाट्यानं सोसणं. मग १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह करणाऱ्या बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दहा पारमिता का घातल्या? क्षांतीला वीर्याची आणि सत्याची जोड असते. ती लढा थांबवत नाही, लढ्याचं रूपांतर द्वेषात होऊ देत नाही. दुसरा आक्षेप असा, की हे सारं साधुसंतांसाठी. आपल्याला कुठलं झेपणार? पण त्या प्रतिज्ञा घेणारे लाखो लोक संसारी, कष्टकरी होते. पारमितांची प्रतिज्ञा बारावी. तिच्या पाठोपाठच्या प्रतिज्ञा आहेत प्राणिमात्रांवर दया करण्याच्या, चोरी न करण्याच्या, खोटं न बोलण्याच्या आणि दारू न पिण्याच्या.