मर्यादेमागचें माप

भ्रमणध्वनि कानाशीं धरून आपण बोलतों, तेव्हां त्यांतून निघणाऱ्या रेडिओलहरींचा कांहीं अंश मस्तकांत शोषला जातो. घरांतील मुलाच्या हातीं हें यंत्र देतांना तो किती असावा, हा प्रश्न आईबापांच्या मनांत येणें साहजिकच आहे.

शरीराच्या दर किलोग्रॅमामागें किती वॅट शक्ति शोषली जाते, यावरून त्याचें माप घेतात. मस्तकासाठीं अमेरिकेनें १.६ वॅटची मर्यादा घातली आहे, तर युरोपीय संघांत ती २ वॅट आहे. यावरून युरोप ढिला ठरतो काय? एवढ्यानें निर्णय करूं नये. अमेरिकेंत सरासरी काढतात ती १ ग्रॅम भागाची, युरोपांत १० ग्रॅमांची. घटकाभर कोसळलेली सर दिवसभराच्या हिशेबांत सौम्य भासते. तसेंच हें आहे. म्हणून अमेरिकन नियम आंकड्यांत दिसतो त्याहून अधिक कडक आहे. भारतानेंहि १ सप्टेंबर २०१२ पासून तोच स्वीकारला.

दोहोंचा पाया मात्र समान आहे. सर्व शरीराची सरासरी सुमारें ४ वॅट झाली असतां प्रयोगांतील जनावरांच्या वर्तनांत फरक दिसला. त्याचा पन्नासावा भाग, म्हणजे ०.०८ वॅट, सामान्य जनांच्या सर्व शरीरासाठीं ठरला. अर्थात् मर्यादा म्हणजे कड्याची धार नव्हे. कड्याच्या बऱ्याच अलीकडे घातलेलें तें कुंपण आहे.

परंतु कुंपणाला राखणदार हवा. २०२३ सालीं फ्रान्सच्या सरकारी संस्थेनें ‘आयफोन १२’ तपासला. हातांत धरला असतां ४ वॅटच्या जागीं ५.७४ वॅट आढळले. विक्री थांबविण्यांत आली व कंपनीला त्याच्या आज्ञावलींत दुरुस्ती करावी लागली.

हे नियम मुख्यतः उष्णतेपासून रक्षण करतात. २०११ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें या लहरींना ‘कदाचित् कर्करोगकारक’ या वर्गांत घातलें. पुरावा मर्यादित आहे, असा त्याचा अर्थ. दोष सिद्ध झाला, असा नव्हे. तरीहि फ्रान्सनें २०१० सालींच चौदा वर्षांखालील मुलांना उद्देशून भ्रमणध्वनीची जाहिरात करण्यास बंदी केली होती. भीति व बेफिकिरी यांच्या मधला हा मार्ग आहे.

आपणांसहि तो सोपा आहे. संदेशलहरी क्षीण असतां यंत्र अधिक जोरानें लहरी सोडतें. अशा वेळीं संभाषण आटोपतें घ्यावें. लांबलचक बोलावयाचें असेल, तर यंत्र कानापासून दूर ठेवावें. वीतभर अंतरानेंहि मोठा फरक पडतो, आणि त्यासाठीं कोणत्याहि कायद्याची वाट पाहावी लागत नाहीं.