सहलीचा डबा आणि मधुमेही माणूस



पाऊस स्थिरावला कीं लोणावळ्याजवळच्या भुशीच्या धरणाकडे पुण्या-मुंबईच्या कुटुंबांची रीघ लागते. पायऱ्यांवरून खळाळणारें पाणी, गरम भजीं, भाजलेलें कणीस आणि परततांना चिक्कीचा पुडा, असा सहलीचा ठरलेला थाट! परंतु ज्याला पिष्टमय व गोड पदार्थ कमी करावयाचे आहेत, त्यानें तेथें काय खावें?

माझ्या एका मधुमेही स्नेह्यांनीं याचें उत्तर परस्पर शोधलें. “मांस आणि चीज कोठें गोड असतें?” असें म्हणून त्यांनीं सलामी व चीज यांचाच डबा भरला आणि पोळी अजिबात वगळली. ग्लिमेपिराइडची गोळी मात्र नेहमीप्रमाणें घेतली. दुपारीं धरणाच्या पायरीवर त्यांना दरदरून घाम फुटला, हात कांपूं लागले. रक्तांतील साखर उतरली होती. जवळ चिक्की होती. पण शेंगदाण्यांच्या तेलामुळें तिच्यांतील गूळ सावकाश जिरतो. म्हणून चहावाल्याकडून साखर मागून तिचें पाणी पाजलें, तेव्हां ते सावरले. तात्पर्य, गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यानें डॉक्टरांस विचारल्यावांचून आहार बदलूं नये.

आतां निवडीविषयीं. वेष्टनावरील घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानें छापलेली असते. सॉसेजच्या यादींत मैदा, स्टार्च किंवा साखर आरंभींच दिसली, तर तें बाजूस ठेवावें. हॅमलाहि कधीं मधाचा किंवा साखरेचा लेप असतो. चेडरसारख्या घट्ट चीजमध्यें कर्बोदकें अगदीं थोडीं असतात. पसरावयाच्या मऊ चीजमध्यें तीं बहुधा अधिक. चीजसारखें दिसणारें, वनस्पतितेलाचें पदार्थ हें चीज नव्हेच.

तथापि कर्बोदकें कमी म्हणजे पदार्थ निर्दोष, असें नाहीं. सलामी, हॅम व सॉसेज यांसारखें प्रक्रिया केलेलें मांस कर्करोगास कारणीभूत होतें, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें 2015 सालीं दिला. रोज 50 ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आंतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारें 18 टक्क्यांनीं वाढतो. शिवाय त्यांत व चीजमध्यें मीठहि पुष्कळ. आणि दिवसाला एकूण मीठ 5 ग्रॅमपेक्षां कमी असावें, असें हीच संघटना सांगते. म्हणून हे पदार्थ क्वचित्, चवीपुरते.

रोजच्या उपयोगाला घरीं भाजलेल्या कोंबडीच्या थंड चकत्या, उकडलेलीं अंडीं किंवा पनीर हें बरें. शाकाहारी घरांत पनीराबरोबर काकडी व मूठभर शेंगदाणे द्यावे. मांस, अंडीं व पनीर बर्फाच्या डब्यांतूनच न्यावें. उघड्यावर दोन तासांपेक्षां अधिक ठेवूं नये.

आणि डब्याच्या कोपऱ्यांत साखरेची एक पुडी विसरूं नका. ती खाण्यासाठीं नव्हे, वेळप्रसंगासाठीं!