आकडा साफ करताना माणूस पुसू नये



आज मी एकाच प्रश्नाबद्दल बोलणार आहे. दारूविषयीच्या ऑनलाइन सर्वेक्षणात आलेलं उत्तर केव्हा धरायचं आणि केव्हा वगळायचं?

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १० ते ७५ वयोगटातले २७.३ टक्के पुरुष दारू घेतात, असं आढळलं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ वर्षं व त्यावरील पुरुषांचं प्रमाण १८.८ टक्के निघालं. वयोगट वेगळे, विचारण्याची रीत वेगळी, हे खरं. पण दोन्हीकडे विचारणारा माणूस घरी गेला होता. ऑनलाइन सर्वेक्षणात तोही नाही. एक लिंक असते, आणि ती कुणाच्या हाती पडली ते आपल्याला दिसत नाही.

समोर कुणी नसलं की संकोच कमी होतो, हा या पद्धतीचा मोठा गुण. पण भीती उरतेच. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार पिण्यासाठी परवाना लागतो. वर्धा आणि गडचिरोलीत तर दारूबंदीच आहे. तिथे ‘हो’वर बोट ठेवणं म्हणजे गुन्ह्याची कबुली. त्याच फॉर्ममध्ये बक्षिसासाठी मोबाइल नंबर मागितला, तर खरं कोण सांगेल? आणि घरात एकच फोन असेल, तर बाईनं कुणाच्या नजरेखाली उत्तर द्यायचं?

आता भाषेकडे येते. ‘दारू पिता का?’ या प्रश्नातच आरोप ऐकू येतो. आपल्याकडे माणूस ‘घेतो’, मित्रांबरोबर ‘बसतो’. बिअरला तर कित्येक जण दारूत धरतच नाहीत. ते प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहितात.

जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची चाचणी सर्वेक्षण करणारे आपण सगळे वापरतो. तिचा दुसरा प्रश्न: पिण्याच्या दिवशी साधारण किती पेग होतात? उत्तर येतं, ‘एक’. एक काय? १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोलचा एक पेग धरला, तर ४२.८ टक्क्यांची १८० मिलिलिटरची क्वार्टर म्हणजे असे सहा पेग. क्वार्टर मनात धरून ‘एक’ लिहिणाऱ्याला इथे शून्य गुण मिळतात. तिसरा प्रश्न एका बैठकीत सहा किंवा जास्त पेग किती वेळा होतात, असा आहे. तिथे तो ‘कधीच नाही’ लिहितो. रोज क्वार्टर संपवणारा माणूस आपल्या तक्त्यात जवळजवळ निर्धोक ठरतो.

मग आपण माहिती साफ करायला बसतो. बॉट प्रोग्रॅमनी भरलेले, मोबदल्यासाठी पुन्हा पुन्हा भरलेले, न वाचता मिनिटात उरकलेले फॉर्म काढायलाच हवेत. माझी काळजी त्यापुढची आहे. कुणी अठरा पेग लिहिले की आपण तो आकडा अशक्य म्हणून पुसतो. अठरा पेग म्हणजे तीन क्वार्टर. व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्याला विचारा, त्याला या आकड्याचं नवल वाटणार नाही. उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून आपण फॉर्म बाद करतो. पण आदल्या रात्रीचं आठवलं नाही असं वर्षभरात किती वेळा झालं, हे ऑडिटचा आठवा प्रश्न स्वतःच विचारतो. ज्याला रात्र आठवत नाही, त्याची उत्तरं जुळतील कशी? ज्याच्यासाठी हे सर्वेक्षण काढलं, तोच आपल्या चाळणीतून बाहेर पडतो.

म्हणून तीन गोष्टींचा आग्रह धरते. प्रश्नाबरोबर क्वार्टर, बिअरची बाटली आणि ग्लास यांची चित्रं दाखवा. पेगांचा हिशेब आपण करू. बक्षिसाचा नंबर वेगळ्या फॉर्मवर घ्या, उत्तरांशी त्याचा धागा ठेवू नका. आणि फॉर्म वगळण्याचे नियम पहिलं उत्तर येण्याआधी लिहून ठेवा. वगळण्याआधीचा आणि नंतरचा, दोन्ही निष्कर्ष छापा.

क्वार्टरवाल्यानं ‘एक’ लिहिलं तेव्हा तो खोटं बोलला नव्हता. त्याच्या हातात एकच बाटली होती. ती कोणत्या मापाची, हे विचारायचं आपल्याकडून राहिलं. पुढच्या प्रश्नावलीत तेवढं विचारूया.