मॅस्टोडॉनवर पहिला दिवस
मॅस्टोडॉनवर खातं उघडलं की होम एकदम रिकामं दिसतं. वाटतं, इथे कुणीच नाही! पण थांबा. २०१६ साली सुरू झालेल्या या सेवेत अल्गोरिदम तुमच्या पुढ्यात काही आणून टाकत नाही. ज्यांना फॉलो कराल, त्यांच्याच पोस्ट वेळेच्या क्रमाने दिसतात. म्हणून आधी #मराठी सारखे हॅशटॅग फॉलो करा, मग साधारण ५०० अक्षरांत स्वतःची ओळख लिहा.

आणि हो, सर्व्हर नीट पाहून निवडा. तो कोण चालवतं, नियम काय आहेत, हे वाचा. कारण पुढे सर्व्हर बदललात, तर फॉलोअर्स सोबत नेता येतात, पण जुन्या पोस्ट मात्र तिथेच राहतात. भेटू पुढच्या भागात!