एक जोड तुटला तरी

(मिरजगाव, तालुका कर्जत येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व सेवा केंद्रचालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कीर्तन रंगात आले असता ध्वनिक्षेपक बंद पडला, तर आपल्या गावात कीर्तन थांबत नाही. बुवा आवाज चढवितात, मागची मंडळी पुढे सरकतात. आपल्या ऑनलाइन सेवांना हे शहाणपण अद्याप पुरते साधलेले नाही, असे मला नम्रपणे सांगावयाचे आहे.

नागरिकाला पडद्यावर एकच खिडकी दिसते. तिच्यामागे मात्र अनेकांचे हात राबत असतात. आधारची पडताळणी एका यंत्रणेची, पैसे भरण्याची सोय दुसरीची, मोबाइलवरील संदेश तिसरीचा. नकाशा आणि अक्षरांचे वळणसुद्धा पुष्कळदा परक्या संगणकावरून येते. मार्च २०१६ मध्ये अवघ्या ११ ओळींची एक आज्ञावली तिच्या कर्त्याने सार्वजनिक भांडारातून काढून घेतली आणि जगभर असंख्य प्रकल्पांचे काम अडले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष सुधारणेने सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. त्या दिवशी भारतातील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. कागद-पेन हाताशी होते, म्हणून निदान काही प्रवासी मार्गस्थ झाले.

एका केंद्रावर (त्याचे नाव मी घेत नाही) मी पाहिले, की एका विद्यार्थ्याच्या वडिलांच्या खात्यातून शुल्क गेले, पण पावती उमटली नाही. चालकाने पुन्हा कळ दाबली, पुन्हा पैसे गेले. दोष चालकाचा नव्हता. प्रत्येक अर्जाला एकच व्यवहार क्रमांक देऊन, आधीचा व्यवहार पूर्ण झाला की नाही हे विचारल्याखेरीज दुसरा स्वीकारू नये, एवढी तरतूद आज्ञावलीत हवी होती. यूपीआयने पैसे कापले गेले आणि विक्रेत्याला पुष्टी मिळाली नाही, तर पाच दिवसांत रक्कम परत मिळावी, अन्यथा दररोज १०० रुपये भरपाई, असे रिझर्व्ह बँकेचे २० सप्टेंबर २०१९ चे परिपत्रक सांगते. हे फारच थोड्यांना ठाऊक आहे.

परक्या यंत्रणेला उत्तरासाठी ठराविक सेकंदांची मुदत द्यावी. ती वारंवार चुकत असेल तर काही काळ तिला विचारणेच थांबवावे. पडलेल्या बैलाला पराणी टोचून काय लाभ? दरम्यान अर्ज नोंदवून घ्यावा, पोच द्यावी, पडताळणी मागाहून करावी. पडद्यावर ‘त्रुटी ५०३’ असे न लिहिता ‘आपला अर्ज सुरक्षित आहे, शुल्क सायंकाळी भरा’ असे शुद्ध मराठीत लिहावे. नकाशा आला नाही तर गट क्रमांक हाताने लिहिण्याची जागा असावी.

धान्य दुकानात हे सर्वांत निकडीचे ठरते. आयुष्यभर खुरपे चालविलेल्या हाताच्या रेषा यंत्राला दिसत नाहीत. पडताळणी फसली म्हणून कोणाही पात्र लाभार्थ्याला धान्य नाकारू नये, शिधापत्रिका व आधार कार्ड पाहून ते द्यावे, अशा केंद्राच्या सूचना ऑक्टोबर २०१७ मध्येच निघाल्या आहेत. अपवादाची नोंदवही दुकानात आहे काय, ती कोणी भरतो काय, हे सदस्यांनी एकदा डोळ्यांनी पाहावे.

नवी प्रणाली स्वीकारण्यापूर्वी तिचे बाहेरचे जोड एकेक करून मुद्दाम तोडावेत आणि नागरिकाच्या जागी बसून काय दिसते ते पाहावे. ही चाचणी अवश्य घ्यावी. फक्त अर्जाच्या शेवटच्या तारखेला नको.