राणीची बशी

ज्या भांड्यांस घरोघर सरसकट ‘चिनी मातीची’ म्हटले जाते, त्यांतील सर्वच चीनच्या कुळातील नव्हेत. अठराव्या शतकात इंग्लंडातील स्टॅफर्डशायरच्या कुंभारांनी डेव्हनकडील फिकट मातीत भाजलेल्या गारगोटीची पूड मिसळली, वर शिशाची झिलई चढविली, आणि सायीच्या रंगाचे हलके भांडे सिद्ध केले. जोसाया वेजवुडने त्यास पूर्णत्व आणले. १७६५ साली त्याने राणी शार्लटसाठी चहाचा संच घडविला. पुढे हा माल ‘राणीची भांडी’ म्हणूनच खपू लागला. रशियाच्या सम्राज्ञी कॅथरिनसाठी केलेला ९५२ नगांचा संच १७७४ मध्ये पुरा झाला.

परंतु या कांतीचे मोल निराळ्यांनीच दिले. कोरडी गारगोटी दळताना उडणारी धूळ कामगारांच्या फुप्फुसांत बसे. म्हणून टॉमस बेन्सनने १७२६ साली ती पाण्यात दळण्याच्या युक्तीची सनद घेतली. झिलईत भांडी बुडविणाऱ्यांच्या अंगात मात्र शिसे भिनतच राहिले. कच्च्या शिशाच्या झिलईस कायद्याने आळा बसावयास विसावे शतक उजाडावे लागले. बशीस राणीचे नाव लाभले. ती बुडविणारे हात निनावीच राहिले.