इयत्ता सातवी, पायरी चौथी



आपले कामरेज बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात होते, हे इथल्या जुन्या घरांना मी सांगायला नको. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये ते संस्थानभर लागू केले. मुले शाळेत आली. पण एका बाकावर बसलेली दोन मुले एकाच पायरीवर असतात असे नाही, आणि मास्तर तर एकच.

या अडचणीवर आपल्याच माणसांनी विचार केला आहे. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करत होत्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला. माँटेसरीची लाकडी नळकांडी चुकीच्या खाचेत नीट बसत नाहीत, आणि चूक मुलाला स्वतःलाच दिसते. कोणी ओरडावे लागत नाही. मुलाच्या उत्तराप्रमाणे पुढचा प्रश्न बदलणारी आजची सॉफ्टवेअरे मला याच घराण्यातली वाटतात, फक्त लाकडाऐवजी पडदा आला.

त्यांतली चांगली असतात ती केवळ बरोबर-चूक मोजत नाहीत, चूक कोणती हे पाहतात. ०.१५ आणि ०.९ यांत मोठी संख्या कोणती? मूल ०.१५ म्हणते, कारण पंधरा नवापेक्षा मोठे. त्याला दशांशाची आणखी वीस उदाहरणे देऊन काय उपयोग? आधी स्थानिक किंमत समजवायला हवी. अहमदाबादच्या एज्युकेशनल इनिशिएटिव्ह्ज या संस्थेचे ‘माइंडस्पार्क’ अशाच चुकांच्या अभ्यासावर उभे आहे.

पण काही चुकांचे मूळ घरात असते. ‘पंचवीस’ म्हणताना आपण आधी पाच म्हणतो, मग वीस. गुजरातीतही तसेच. इंग्रजी शाळेत मात्र वीस आधी. मूल ५२ लिहिते. (२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ आले तेव्हा केवढी थट्टा झाली! थट्टा करणाऱ्यांनी मुलाची अडचण जरा ऐकायला हवी होती.) अंक उलटे पडले एवढे यंत्राला कळेल, का पडले, हे शेजारी बसलेली आजी विचारू शकते, आणि तेही मुलाच्या घरच्या भाषेत.

दिल्लीत २०१५ च्या सुमारास माइंडस्पार्कची नीट परीक्षा झाली. कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि अलेहांद्रो गानिमियन या अर्थशास्त्रज्ञांनी सरकारी शाळांतली ६१९ मुले घेतली आणि केंद्रात कोणाला मोफत प्रवेश द्यायचा हे सोडतीने ठरवले. शाळा सुटल्यावर दीड तासाचा वर्ग: निम्मा वेळ संगणक, निम्मा वेळ लहान गटात शिकवणारे माणूस. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत मुले स्पष्टपणे पुढे गेली. सहावीतली मुले गणितात सरासरी अडीच वर्षे मागे होती, हेही तिथेच दिसले. म्हणून यंत्राने त्यांना सहावीचे नव्हे, त्यांच्या पायरीचे गणित दिले.

आता ऐका. शाळेच्या स्वतःच्या गणिताच्या परीक्षेत ही प्रगती ठळक दिसली नाही! मूल तिसरीच्या वजाबाकीवरून चौथीच्या भागाकारापर्यंत चढले, पण प्रश्नपत्रिका सहावीची. ती चढण कागदावर उमटायची कुठे?

मला काळजी आहे ती या जागेची. प्रगतिपुस्तकावर तेच गुण पाहून आपण म्हणणार, पैसे पाण्यात गेले, त्यापेक्षा शिकवणी बरी. आणि शिकवणीत पुन्हा सहावीचाच धडा. उद्या कोणी तुमच्या दारी असे काही विकायला आले, तर चित्रे किती हलतात ते पाहू नका. सातवीचे मूल चौथीच्या भागाकारावर अडले असेल तर हे त्याला चौथीपर्यंत मागे नेते का, एवढे विचारा. बरीचशी अभ्यासक्रमाची चित्रफीत दाखवतात आणि तिलाच ‘तुमच्या मुलासाठी खास’ म्हणतात. आणि नेत असेल, तर घरी चौथीचा भागाकार पडद्यावर दिसल्यावर ‘हे काय, तू सातवीत ना?’ असे शेजाऱ्यांसमोर म्हणू नका. मूल दुसऱ्या दिवशी पडदा उघडणार नाही.